पालथ्या दिव्यांचे दगड

ज्या काळाची नोंद कोणत्याही पंचांगात सापडत नाही, अशा फार जुन्या काळी एका उंच माळावर एक गाव होते. त्या गावाचे वैभव जमिनीच्या वर दिसत नसे; ते जमिनीच्या पोटात होते. माळाची माती घट्ट, पांढरी आणि कोरडी. तिच्यात गावकऱ्यांच्या पूर्वजांनी शंभरांवर पेवे खोदली होती. अरुंद गळ्याची, रुंद पोटाची, जमिनीत पुरलेल्या प्रचंड रांजणांसारखी. आतून कडब्याचे अस्तर द्यायचे, जोंधळा भरायचा, तोंडावर शिळा ठेवून ती चिखलाने लिंपायची. मग पावसाचे, उंदरांचे, लुटारूंचे भय उरत नसे. आभाळाने पाठ फिरवली की गाव एखादे पेव उघडी आणि जगे.

परंतु वाचकहो, जे पेव धान्य राखी, तेच माणूस गिळी. वर्षानुवर्षे कोंडलेल्या दाण्यांतून एक जड हवा सुटून तळाशी साचे. तिला रंग नव्हता. वास होता, पण तो आंबूस पिठाचा, घरच्यासारखा ओळखीचा. त्या हवेत उतरलेला माणूस ओरडत नसे. दाणे वेचायला वाकल्यासारखा तो गुडघ्यांवर बसे आणि पुन्हा उठत नसे.

यावर उपाय पूर्वजांनीच सांगून ठेवला होता. शिळा सरकवावी, सावली हातभर पुढे जाईपर्यंत थांबावे, मग दोरीने दिवा आत सोडावा. दिवा तळाशी तेवत राहिला तर तो वर ओढून काठावर ठेवावा आणि शिडी लावून उतरावे. विझला तर पुन्हा थांबावे. हा नियम त्या गावात सर्वांना ठाऊक होता. बायका तो जात्यावर गात आणि मुले खेळात म्हणत.

तरीही दर पाच-सात वर्षांनी एखादा माणूस दिवा न सोडताच उतरे.

असे घडले की गाव दोन गोष्टी करी. पहिली, त्या पेवाच्या तोंडाशी एक दगड उभा राही. त्यावर मेलेल्या माणसाची आकृती कोरलेली असे आणि तिच्या पायाशी एक पालथा दिवा. पालथा दिवा म्हणजे बेसावधपणा, हे सांगावे लागत नसे. मृताच्या घरच्या बाईने दर अमावास्येला तो दगड धुवावा आणि धान्यवाटपाच्या रांगेत त्या घराने सर्वांत शेवटी उभे राहावे, असा दंडक होता. दुसरी गोष्ट म्हणजे शपथ. पेवात उतरण्यापूर्वी दिवा विसरणार नाही अशी शपथ घ्यावी लागे, आणि प्रत्येक मृत्यूनंतर तिच्यात एकीची भर पडे. पहिली मातीची, दुसरी पाण्याची, तिसरी आईच्या दुधाची. या कथेच्या वेळी शपथा सात झाल्या होत्या. त्या सर्व मोठ्याने म्हणेपर्यंत जोंधळ्याला कोंब फुटेल, असे तरुण पोरे हळूच म्हणत.

शपथ देण्याचा मान गावातल्या सर्वांत वृद्ध पुरुषाचा होता. लोक त्याला आबा म्हणत. तो कठोर होता, पण क्रूर नव्हता. माळावरच्या दगडांपैकी पहिला दगड त्याच्या धाकट्या भावाचा होता. तो दगड स्वतः आबाने आपल्या खांद्यावरून वाहून आणला होता.

शेवटचा, म्हणजे सातवा दगड एका दोर वळणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा होता.

ही बाई अंबाडीचे दोर वळी, कापसाचे सूत काती, आणि दर अमावास्येला घागर घेऊन माळावर जाई. दगड धुताना तिच्या मनात एकच प्रश्न येई. तिचा नवरा मारलेली गाठ तीनदा ओढून पाही. गोठ्याचा अडसर लावला की नाही, हे पाहायला तो अर्ध्या वाटेवरून परत येई, आणि त्यावरून सारा गाव त्याची थट्टा करी. ज्याच्या सावधपणाला लोक हसत, तोच माणूस आता दगडावर बेसावध म्हणून उभा होता. बाई विचार करी, की हा जर विसरला, तर न विसरणारा माणूस कोण?

तिला आणखी एक गोष्ट आठवे. त्या दिवशी पेवाच्या काठावर दिवा सापडला होता, आणि तो पेटलेला होता. लोक म्हणाले, दिवा हाताशी असून सोडला नाही, याहून मोठा निष्काळजीपणा तो कोणता. बाईनेही तेव्हा मान खाली घातली होती. पण बाराव्या की तेराव्या अमावास्येला, दगडाच्या खोबणीतून माती काढता काढता, तिचा हात थांबला.

संध्याकाळी तिचा मुलगा शेतातून आला. बापामागून पेवात उतरण्याचे काम त्याच्याकडे आले होते, कारण त्या गावात हे काम घराण्याने चाले. पुढचे पेव उघडेल तेव्हा पहिला पाय त्याचा पडणार होता. उंबऱ्यावर दोन पेटते दिवे शेजारी शेजारी ठेवलेले पाहून तो थबकला.

"यातला एक मी रांजणात सोडून वर काढला," आई म्हणाली. "दुसरा नुसता पेटवून ठेवला. सोडलेला कोणता, सांग."

मुलाने वाकून पाहिले. दोन्ही ज्योती सारख्याच होत्या. तो म्हणाला, "हे कसं सांगायचं? मी काय पाहिलंय?"

"तुझ्या बापानंही पाहिलं नव्हतं. मध्येच कुणीतरी हाक मारली असेल, कुणी काही विचारलं असेल. परत वळला तेव्हा दिवा काठावर तेवत होता. आत जाऊन आलेला दिवा तिथंच ठेवतात आणि आत जायचा दिवाही तिथंच ठेवतात. तो विसरला नाही रे. झालं असं त्याला वाटलं."

मुलाने दोन्ही दिवे उचलून आत नेले.

त्या दिवसापासून बाईने शिडीचा विचार सुरू केला. आजवर पेवाशेजारी बांबूची शिडी आडवी पडलेली असे. कोणीही ती केव्हाही उचलावी आणि लावावी. बाईने दोराची शिडी वळली. पेवाच्या तोंडावर दोन मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवून तिने एक आडवे लाकूड टाकले आणि शिडीची गुंडाळी त्या लाकडाला एका खुंटीने अडकवली. खुंटीला एक लांब सूत बांधले, सुताच्या टोकाला एक दगड, आणि तो दगड पेवात दाण्यांच्या हातभर वर लोंबत ठेवला. जोवर दगडाचे ओझे सुताला ताणून धरी, तोवर खुंटी जागची हलत नसे आणि शिडी उलगडत नसे.

सुताला तिने वरपासून ओल्या मातीचा लेप दिला. फक्त खालची वीतभर जागा उघडी ठेवून ती तेलात भिजवली. दिव्याला कडी लावून तो याच सुतावरून खाली सोडायचा. वाटेत ज्योत सुताला लागली तरी मातीमुळे काही होत नसे. तळाशी पोहोचून दिवा तेवत राहिला तरच ती वीतभर जागा जळे, दगड धपकन दाण्यांत पडे, खुंटी निसटे आणि शिडी आपोआप खाली जाई. आतल्या हवेने दिवा विझला तर सूत जळत नसे. सूत जळाले नाही तर शिडी सुटत नसे. आणि ज्या दिव्याला कोणी आत सोडलेच नाही, तो काठावर कितीही तेवला तरी त्याच्याने काहीच उघडत नसे.

एका जुन्या पेवावर मायलेकांनी हे दहा वेळा करून पाहिले. मग बाई आबाकडे गेली.

गाव पारावर जमले. बाईने सगळे समजावून सांगितले. लोकांनी शिडी हातात घेऊन पाहिली, सूत ओढून पाहिले, कोणी हसलेही. एकाने विचारले, की वरूनच सूत कापून टाकले तर? तेव्हा बाई म्हणाली, की जाणूनबुजून कापणाऱ्यासाठी तुमच्या शपथा आहेतच. ही दोरी विसरणाऱ्यासाठी आहे.

आबाने सर्व शांतपणे ऐकले. मग तो बोलू लागला. जनावर दाव्याने आवरते, माणूस वचनाने. ज्या दिवशी माणसाला दाव्याची गरज पडेल, त्या दिवशी त्याच्या वचनाला काय किंमत उरेल? आज दिव्यासाठी दोरी बांधाल, उद्या प्रत्येक कर्तव्यासाठी बांधाल. त्याचे बोलणे सुरेख होते आणि लोकांच्या माना डोलत होत्या.

सभा उठल्यावर बाई मागे राहिली. तेव्हा आबा जे बोलला, ते त्याने गावासमोर म्हटले नव्हते.

"पोरी, तुझी दोरी चांगली आहे," तो म्हणाला. "मी आंधळा नाही. पण ती खरी ठरली तर ते सातही दगड खोटे ठरतात. चाळीस वर्षं मी माझ्या भावाला बेसावध म्हणत आलो. आईनं मरताना त्याचं नाव घेतलं, तेव्हाही मी तिला गप्प केलं. आता तू म्हणतेस, त्याचा दोष नव्हता. मग मी त्या चाळीस वर्षांचं काय करू?"

तिने शिडी गुंडाळली आणि घरी नेली.

निदान मुलाने तरी ती वापरावी, असे तिने त्याला विनवले. तो कबूलही झाला. पण गाव लहान होते, आणि सोबतच्या माणसांना करमणूक हवी होती. तो दिसला की कोणीतरी विचारी, "काय वासरा, आईनं दावं सोडलं का?" दुसरा म्हणे, "सोडलंय, पण सूत जळेपर्यंत चरायला जायचं नाही." मुलगा आधी हसे. मग तो हसेनासा झाला. एके दिवशी शिडीची गुंडाळी आढ्याला टांगलेली आईला दिसली, आणि ती समजायचे ते समजली.

पुढे सलग दोन वर्षे पीक करपले. तिसऱ्या वर्षी लोकांनी घरातले शेवटचे पीठ झाडून घेतले आणि आबाने पेवे उघडण्याचा दिवस ठरवला. एरवी दिवसाला एक पेव उघडत. त्या दिवशी तीन उघडायची होती, कारण एका पेवाने रांग संपणार नव्हती.

सकाळी मुलाने सातही शपथा घेतल्या. ऊन चढले. पहिल्या पेवाची शिळा सरकली, तो थांबला, त्याने दिवा सोडला, दिवा तेवला, तो उतरला. दुपारपर्यंत दुसरे पेव झाले. तिथेही त्याने काही चुकवले नाही. तिसऱ्या पेवाशी तो आला तेव्हा पुन्हा सात शपथा झाल्या, आणि रांगेतली माणसे उन्हात एकमेकांच्या आधाराने उभी होती. शिळा सरकली. त्याने दिवा पेटवला, दोरी हातात घेतली, तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी भोवळ येऊन पडली. त्याने दिवा काठावर ठेवला, धावत जाऊन तिला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले. तिने डोळे उघडले. तिने त्याला आशीर्वाद दिला.

तो परत आला. दिवा काठावर तेवत होता.

"दिवा झाला का?" मागून कोणी विचारले.

"तो काय, पेटलेला आहे," दुसऱ्याने सांगितले.

मुलाने बांबूची शिडी लावली आणि तो उतरला.

त्याची आई रांगेच्या अगदी शेवटी होती, कारण सातव्या दगडाच्या घराची जागा तीच होती. तिथून पेवाचे तोंड दिसत नसे. तिला कळले ते एवढेच, की पुढचा गलबला एकाएकी थांबला. वाचकहो, जिने त्या काठावर नेमके काय पाहायचे हे ओळखले होते, तिलाच गावाने काठापासून सर्वांत दूर उभे केले होते.

काठावरची माणसे आत वाकून पाहत होती. मुलगा दाण्यांवर गुडघे टेकून बसला होता. असा कोणी बसलेला दिसला तर मागून उतरायचे नाही, हाही पूर्वजांचा नियम होता, आणि तो मोडून कोणी वाचल्याचे ऐकिवात नव्हते. सगळ्यांनी आबाकडे पाहिले.

आबाने काठी खाली ठेवली. "भावाच्या वेळी मी काठावरच उभा राहिलो होतो," तो म्हणाला. तो कोणाशी बोलत होता ते कळले नाही. त्याने शिडीवर पाय ठेवला. लोकांनी त्याला धरले, पण त्यांच्या हातात फक्त त्याचे उपरणे राहिले. त्यानेही दिवा सोडला नव्हता. कोणी त्याला आठवण केली नाही आणि तो थांबलाही नसता.

बाई रांग ओलांडून काठाशी पोहोचली तेव्हा आत दोघे होते. म्हाताऱ्याचा हात मुलाच्या पाठीवर होता. काठावर दिवा अजून जळत होता, आणि त्या उन्हात त्याची ज्योत धड दिसतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा तळाशी टिकला. मग दोघांना वर काढले.

दंडकाप्रमाणे पाथरवट दोन दगड घेऊन आला. पहिला दगड त्याने मुलाचा ठरवला आणि पालथा दिवा कोरायचा ना, असे विचारले. लोकांनी माना हलवल्या. त्याने दुसऱ्या दगडाला हात लावला आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी कोणाची मान हलली नाही. एकजण पुटपुटला, की आबा विसरले नव्हते, ते तर वाचवायला धावले. दुसरा म्हणाला, की म्हातारीला उचलायला पोरगाही धावलाच होता. पाथरवटाने छिन्नी उचलली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली.

तेव्हा बाई बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"शपथ देणाराही दिवा न सोडता उतरला. त्याला बेसावध म्हणायला तुमची जीभ वळत नाही. माझ्या पोराला म्हणायला वळली, त्याच्या बापाला म्हणायला वळली. दोन्ही दगड कोरे राहू द्या. आणि उद्यापासून पेव उघडायचं असेल, तर माझ्या घरी शिडी आहे."

कोणी तिची क्षमा मागितली नाही. लाजेला शब्द सापडायला वेळ लागतो, आणि भुकेल्या गावाकडे वेळ नव्हता. पण दुसऱ्या सकाळी चौघेजण तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांत मुलाला वासरू म्हणणाराही होता. त्याने आढ्यावरची गुंडाळी खाली काढली आणि ती वाहून नेताना तो रडत होता.

प्रत्येक पेवावर मेढी उभ्या राहिल्या. बांबूच्या शिड्या फोडून जाळल्या, म्हणजे घाईच्या वेळी हाताशी राहू नयेत. सुताला ओझे म्हणून दगड हवे होते. ते कोठून आणावेत, असा प्रश्न निघाला, तेव्हा पाथरवट काही न विचारता माळावर गेला. त्याने पालथ्या दिव्यांचे सातही दगड फोडले आणि ते दोन कोरेही फोडले. त्यांचे तुकडे गावातल्या सर्व पेवांना पुरले. रांगेत शेवटी उभे राहण्याचा दंड त्यानंतर कोणाला झाला नाही, कारण कोणत्या दगडावरून तो द्यायचा हेच उरले नाही.

त्या गावात पुन्हा कोणी पेवात मेले नाही. माणसे पूर्वीसारखीच राहिली. ती घाई करीत, बोलण्यात गुंतत, एका कामातून दुसऱ्याकडे धावत, आणि दिवा सोडायला विसरतही. विसरले की शिडी सुटत नसे. मग ती कपाळावर हात मारून घेत आणि दिवा सोडत. दोन पिढ्यांनंतर तर तो दगड कशासाठी पडतो, हेही मुलांना ठाऊक नव्हते. पेव झोपलेले असते, त्याला जागे करायला दगड टाकतात, असे ती एकमेकांना सांगत.

बाई बरीच वर्षे जगली. गावातल्या प्रत्येक पेवाचे सूत तीच काती आणि लेपही तीच लावी. माळावर कोठे पेव उघडले आणि दाण्यांत दगड पडल्याचा धपकन आवाज झाला, की तिची चाती थांबे. दुसऱ्या कोणाचा मुलगा आता उतरतो आहे आणि तो वर येणार आहे, हे तिला त्या आवाजावरून कळे. थोडा वेळ ती तशीच बसे. मग पुन्हा सूत काढू लागे.

तात्पर्य: माणूस चुकणारच हे ओळखून चुकीची वाट आधीच बंद करावी; वाट उघडी ठेवून शपथा वाढवल्या, तर फक्त दगड वाढतात.